फेसाला पांढरा रंग लावू नका: जपानी लाकूडठशांच्या चित्रांची हाताने प्रतिकृती करताना

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे रत्नागिरीचे आहेत. जपानी चित्रकार होकुसाईची प्रसिद्ध लाट त्यांनी तीन फूट बाय दोन फूट कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये रंगवली. चौकटी आखून रेखाटन केलं, मोबाइलवरच्या फोटोशी रंग जुळवले, प्रमाणं बरोबर आली. तरीही चित्र ‘शाळेच्या भिंतीवर रंगवल्यासारखं’ दिसतंय असं त्यांचं म्हणणं. रंग बदलावेत की कागदाकडे वळावं, कोपऱ्यातली सही आणि लाल शिक्का ठेवावा का, आणि एका कॅफेला अशी तीन चित्रं हवी आहेत तर ती विकणं योग्य आहे का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी अशा प्रतिकृती हाताने करते. बहुतेक कागदावर, मागणी आली तर कॅनव्हासवरही. तुमचा फोटो मोठा करून नीट पाहिला. रेखाटनात दोष नाही. लाटेची कमान, तिन्ही बोटी, खोलगट जागेत बसलेला छोटासा फुजी पर्वत, सगळं जागच्या जागी आहे. त्यामुळे ‘अजून सराव करा’ हे उत्तर इथे लागू पडत नाही.

अडचण अशी की तुम्ही हे रंगवलेल्या चित्रासारखं रंगवलंत, आणि मुळात ते कुणी रंगवलेलंच नव्हतं. १८३० च्या सुमारास निशिमुराया योहाची या प्रकाशकाने ‘फुजीची छत्तीस दृश्यं’ ही मालिका काढली. तिच्यासाठी होकुसाईने पातळ कागदावर रेषांचं चित्र काढून दिलं. कोरणाऱ्या कारागिराने तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवला आणि रेषा तेवढ्या उभ्या ठेवून बाकीचं लाकूड काढून टाकलं. त्यात तो कागदही गेला. मग रंगांसाठी वेगळ्या फळ्या कोरल्या गेल्या, आणि छापणाऱ्याने ओलसर कागदावर एकामागून एक फळी उठवत चित्र पुरं केलं. म्हणजे ‘हे बघा मूळ चित्र’ असं दाखवता येईल असं काही शिल्लकच राहिलं नाही. आहेत त्या सगळ्या छापलेल्या प्रती.

या चित्रांत आपल्याला जे भावतं, त्यातलं निम्मं लाकडाचं, कागदाचं आणि छापणाऱ्याच्या हाताचं आहे. रंग कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो, वर बसलेला नसतो. सुरीने दोन्ही बाजूंनी कापलेल्या रेषेला धार असते. सपाट दिसणारा निळाही पूर्ण सपाट नसतो. छापणारा कागदाच्या पाठीवरून बारेन फिरवतो. बांबूच्या सालीत गुंडाळलेली ती गोल चकती असते, आणि तिच्या दाबाने त्या निळ्यात फार बारीक चढउतार येतात. तुम्ही ॲक्रिलिकचा जाड, अपारदर्शक थर दिलात तेव्हा हे सगळं गेलं आणि मागे उरलं फक्त रेखाटन, त्यात एकसारखा रंग भरलेलं. शाळेच्या भिंतीची आठवण येते ती यामुळे.

आता पुढे काय करायचं, हे तुम्हाला काय हवंय यावर ठरेल. माझ्या मते इथे दोनच प्रामाणिक वाटा आहेत.

एक वाट व्हिन्सेंट व्हॅन गॉगची. १८८७ मध्ये पॅरिसमध्ये असताना त्याने हिरोशिगे या दुसऱ्या जपानी ठसाचित्रकाराची दोन चित्रं तैलरंगात उतरवली: कामेइदोची फुललेली प्लमची बाग आणि सरीत सापडलेला पूल. दोन्ही मूळ छाप ‘एदोची (म्हणजे आजच्या टोकियोची) शंभर प्रसिद्ध दृश्यं’ या मालिकेतले, १८५७ चे. बागेचं चित्र त्याने चौकटी आखून कागदावर उतरवून घेतलं होतं, म्हणजे तुमचीच पद्धत. पुलाचं चित्र त्याने साधारण ७३ बाय ५४ सेंटिमीटर केलं, छापाच्या जवळजवळ दुप्पट. कडेला उरलेल्या जागेत दुसऱ्या छापांवरची जपानी अक्षरं नक्षीसारखी भरली. पण हे छापलेलं चित्र आहे असा भास त्याने कुठेही निर्माण केला नाही. नदीच्या पाण्यात फटकारे उघड दिसतात, रंग मूळ छापापेक्षा कितीतरी भडक आहेत, प्रत्येक भागात कुंचला काहीतरी बोलतोय. म्हणून ते चित्र उभं राहतं. ही चित्रं आज ॲम्स्टरडॅमला त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहेत. मोठ्या आकारात पाहायला मिळाली तर पाण्याचा भाग जरूर पाहा.

दुसरी वाट छापाशी इमान राखणारी. मूळ मापात, कागदावर, पारदर्शक रंगांत, आणि फळीला जे जमत होतं तेवढंच करायचं. एका भागाला एक रंग. हात सुटला म्हणून पाण्यात आणखी एखादी छटा मिसळायची नाही, सावली द्यायची नाही.

तुमचा कॅनव्हास या दोन्हींच्या मधे अडकलाय. छापासारखा सपाट, पण रंगाचा थर तैलचित्रासारखा. तीन फुटी मापामुळे ते आणखी उघडं पडलं. लाटेचा छाप जेमतेम ३८ सेंटिमीटर रुंद आणि २६ सेंटिमीटरच्या आतबाहेर उंच आहे. ओबान नावाचं हे त्या काळचं रुळलेलं माप, मांडीवर ठेवून पाहायचं. तुम्ही ते जवळजवळ अडीचपट वाढवलंत. मुळात तळहाताएवढा असलेला निळा पट्टा तुमच्याकडे ताटाएवढा झाला, आणि एवढ्या मोठ्या जागेत डोळ्याला धरायला काहीच नाही. रेषाही त्याच प्रमाणात जाड झाल्या.

म्हणून माझा आग्रह असा की कॅफेची चित्रं पुढे कुठल्याही वाटेने करा, पण आधी एक प्रत कागदावर मूळ मापात पुरी करा. तीन फुटी चित्रात कुठे काय सोडायचं, हे त्या लहान प्रतीतच कळतं.

सुरुवात पांढऱ्यापासून करते, कारण तुमच्या चित्रात सर्वांत जास्त नुकसान तिथे झालंय. फेसाला तुम्ही टिटॅनियम व्हाइट दिलाय, फुजीच्या बर्फालाही. होकुसाईच्या लाटेत फेस म्हणजे कोरा कागद. तिथे रंगाची फळी नाहीच. तो कागद दुधाळ, किंचित उबदार असतो, आणि तोच कागद आभाळाच्या करड्यातून, बोटींच्या फिक्या पिवळ्यातून खालून डोकावत असतो. त्यामुळे सगळं चित्र एका उजेडात बसल्यासारखं वाटतं. तुमचा टिटॅनियम व्हाइट थंड आणि कडक आहे. तो पुढे उडी मारतो आणि बाकीचे रंग मागे पडतात. जपानी छापांत पांढरा रंग कधीच नव्हता असं नाही, शिंपल्यांच्या भुकटीचा पांढरा काही ठिकाणी वापरला जाई. पण या चित्रात पांढऱ्याची जागा राखून ठेवायची असते, भरायची नसते. जलरंगात काम केलेल्यांना हे पटकन जमतं. ॲक्रिलिकच्या सवयीत हात आपोआप पांढऱ्याच्या ट्यूबकडे जातो, ती सवय इथे मोडावी लागेल.

कागदाबद्दल. आपल्याकडचा सुती हातकागद सुंदर असतो, पण त्याचा पोत खडबडीत आणि या रेषेला तो मानवत नाही. कोझो या तुतीच्या जातीच्या झुडपाच्या तंतूंचा जपानी कागद मिळाला तर उत्तम. तो नुसता वापरला तर रंग टिपकागदासारखा फुटतो, म्हणून आधी सरस आणि तुरटीच्या पातळ पाण्याचा हात द्यावा लागतो. तुरटी सरसाच्या निम्म्याहून कमीच ठेवा. जास्त झाली तर कागद काही वर्षांत ठिसूळ होतो. हे पाणी पावसाळ्यात देऊ नका, कोकणात तर नाहीच, कारण कागद वाळत नाही आणि सरसाला वास सुटतो. कोझो मिळत नसेल तर गुळगुळीत पृष्ठभागाचा, ३०० जीएसएमचा सुती जलरंग कागद घ्या. हॉट प्रेस म्हणून मागितला की दुकानदार देतो. पहिल्या प्रतीसाठी मी तोच सुचवेन. कोझोवर चूक पुसता येत नाही.

आता निळा. या लाटेचा जीव प्रशियन ब्लूमध्ये आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेला हा रंग जपानी छापांत मोठ्या प्रमाणावर आला तो १८३० च्या आगेमागे, आणि होकुसाईची ही मालिका त्या नव्या निळ्यावर उभी आहे. त्याआधीचे निळे एक तर लवकर उडत किंवा एवढे गडद होत नसत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात या चित्राची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा त्यात प्रशियन ब्लूबरोबर नीळही सापडली. म्हणजे छापणारे दोन्ही हाताशी ठेवत होते.

तुमच्या ॲक्रिलिकच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत पाहा. तिथे बहुधा ‘प्रशियन ब्लू ह्यू’ असं असेल. खरा प्रशियन ब्लू अल्कधर्मी माध्यमात टिकत नाही, तपकिरी पडतो, आणि ॲक्रिलिक किंचित अल्कधर्मीच असतं. म्हणून कंपन्या थॅलो ब्लू या दुसऱ्या निळ्यामध्ये काळा वगैरे मिसळून जवळची छटा बनवतात. थॅलो भडक असतो, पातळ केला की हिरव्याकडे झुकतो. तुमच्या चित्रातला मधला निळा प्लास्टिकसारखा दिसतोय तो त्यानेच. जलरंगात किंवा तैलरंगात ट्यूबच्या पाठीवर रंगद्रव्याचा क्रमांक ‘पीबी २७’ असा दिसला की तो खरा प्रशियन ब्लू. आपल्याकडच्या नेहमीच्या कंपन्यांच्या आर्टिस्ट दर्जाच्या जलरंगांत तो मिळतो, महागड्या परदेशी ट्यूबची गरज नाही. पोस्टर कलर मात्र नको. त्यात पांढरी भुकटी असते, आणि निळा खडूसारखा सुकतो.

संपूर्ण चित्राला रंग किती लागतात ते एकदा मोजा. निळ्याच्या तीन छटा, बोटींचा फिका पिवळा, आभाळाचा करडा, आणि चांगल्या, सुरुवातीच्या प्रतींत आभाळातल्या ढगाचा अगदी पुसट गुलाबी. बस. मी प्रत्येक रंग वेगळ्या वाटीत, पूर्ण चित्राला पुरेल एवढा, कामाला बसण्याआधी कालवून ठेवते. मधे कमी पडला आणि पुन्हा कालवला तर छटा कधीच जुळत नाही, आणि फळीचा एकसंधपणा तिथेच संपतो. रंग चिकटून बसावा म्हणून छापणारे त्यात तांदळाची खळ घालत. मी जलरंगात गम अरेबिकचे एखाद-दोन थेंब टाकते. त्याने मोठा भाग डाग न पडता सुकायला मदत होते.

रेषेकडे येते. तुम्ही काळी रेषा काढलीत. या मालिकेतल्या पहिल्या छत्तीस चित्रांच्या बाह्यरेषा निळ्या आहेत; नंतर मागणीमुळे वाढवलेल्या दहा चित्रांत त्या काळ्या झाल्या. लाटेची रेषा गडद निळी आहे, आणि तो फरक लहान नाही. काळी रेषा प्रत्येक आकार कापून वेगळा करते. निळी रेषा पाण्यातूनच उगवल्यासारखी दिसते.

पाण्याने न पसरणारी निळी शाई घ्या, म्हणजे रेषा आधी काढून तिच्यावरून पारदर्शक रंग देता येईल. छापातही रेषा आधी उठे आणि रंग नंतर तिच्यावर चढे. रेषा सर्वांत शेवटी, रंगावर बसवली की ती तारेसारखी वर तरंगते. कुंचला लांब केसांचा, बारीक टोकाचा हवा. लायनर किंवा रिगर म्हणून मिळतो.

फेसाची नखं, म्हणजे लाटेच्या कडेची वळलेली टोकं, कशी काढायची ते जरा सविस्तर सांगते, कारण चित्राची सगळी परीक्षा तिथे आहे. प्रत्येक नख म्हणजे दोन रेषा: बाहेरची फुगीर, आतली थोडी कमी वळलेली. दोन्ही टोकाला भेटतात. बहुतेक लोक टोकापासून सुरुवात करून मुळाकडे जातात, आणि टोकावर शाईचा ठिपका बसतो. मुळापासून निघा, वळणावर कुंचला किंचित दाबा, टोकाशी येता येता उचला. दुसरी रेषाही मुळापासूनच काढून त्याच टोकाला आणा. मनगट वाकडं करण्यापेक्षा कागद फिरवा. मूळ मापात एकेक नख काही मिलिमीटरचं आहे, तेव्हा घाई झाली की सगळी नखं सारखी होतात, गालिच्याच्या झालरीसारखी. होकुसाईच्या लाटेत शेजारशेजारची दोन नखंही सारखी नाहीत. काही बोटांसारखी आखडलेली, काही अजून उघडताहेत, काही तुटून थेंब झालीत. ट्रेस करताना हा फरक डोळ्यांनी शोधत जा. नुसता हात चालवलात तर तो निसटतो.

थोडक्यात आतापर्यंतचं: पांढरं म्हणजे कागद, निळा खरा प्रशियन, रंग मोजके आणि आधी कालवलेले, रेषा निळी आणि आधी.

आभाळासाठी बोकाशी हवी. गडदाकडून फिक्याकडे जाणारी ही छटा छापणारा फळीवरच करतो. ओलसर फळीवर एका बाजूला रंग ठेवून ब्रशने पसरवत नेतो आणि मग कागद ठेवतो. त्यामुळे तिला शिस्त असते: एका कडेपासून सुरू, एका दिशेने, विरत जाणारी. हाताने करताना आपण तिला आभाळ समजून ढगाळ करून टाकतो, तसं नको. लाटेच्या चित्रात क्षितिजाजवळ, फुजीच्या मागे करडा सर्वांत गडद आहे आणि वर जाताना विरतो. तो काळोख मागे असल्यामुळेच एवढासा बर्फाचा डोंगर नजरेत भरतो. मी दोन रुंद, सपाट ब्रश वापरते. एकात रंग, दुसरा नुसत्या पाण्याने ओलसर आणि झटकलेला. आधी पूर्ण आभाळ स्वच्छ पाण्याने एकसारखं ओलं करायचं, चकाकी जाईपर्यंत थांबायचं, मग गडद कडेला रंगाचा एक आडवा पट्टा, आणि लगेच ओल्या ब्रशने सीमेवरून आडवे हात मारत वर जायचं. पुन्हा खाली यायचं नाही. गडदपणा कमी वाटला तर पूर्ण वाळू द्या आणि दुसरा हात द्या. छापणारेही गडद भागावर फळी पुन्हा उठवत.

काहीजण छापाचा भास यावा म्हणून आभाळात लाकडाच्या रेषा रंगवतात. मला ते अजिबात पटत नाही. लाकडाची रेषा छापात येते ती लाकूड तिथे होतं म्हणून. इथे लाकूड नाही. सपाट भागात तुमच्या ब्रशचा जो थोडा चढउतार आपसूक येईल, तेवढा पुरेसा आहे.

यानंतरचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो विचारायला हवा होता: नक्कल कुठल्या प्रतीची? मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट, दोघांनीही आपल्या प्रतींचे मोठे फोटो मोफत आणि निर्बंधांशिवाय उतरवून घेता येतील असे ठेवलेत. शिकागोत तर या लाटेच्याच तीन प्रती आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. कुठे ढग दिसतो, कुठे नाही. कुठे फळी झिजून शीर्षकाच्या चौकटीची रेषा तुटलीय. शेकड्यांनी छापताना फळ्या झिजत, आणि नंतर प्रकाशाने रंग उडत. एक प्रत निवडा आणि शेवटपर्यंत तिलाच धरा. आभाळ एकीचं आणि पाणी दुसरीचं घेतलं की चित्रात उजेडाचा मेळ बसत नाही. आणि मोबाइलच्या पडद्याशी रंग जुळवू नका. पडदा मागून उजळलेला असतो, कागद नसतो. मॅट कागदावर चांगली प्रिंट काढा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात ठेवा, तिच्याशी जुळवा.

याला जोडूनच: आज दिसतात ते रंग छापले तेव्हाचे नाहीत, हेही लक्षात ठेवा. करडईच्या फुलांचा गुलाबी फिका पडतो. अठराव्या शतकातल्या हारुनोबू या चित्रकाराच्या काळात फुलापासून काढलेला एक नाजूक निळा वापरत; तो आज बऱ्याच प्रतींत मातकट पिवळा झालाय. मग नक्कल करताना ताजा रंग घ्यायचा की विटलेला? मी ताज्याच्या बाजूची आहे. कागद किंचित उबदार घ्यायचा आणि रंग स्वच्छ ठेवायचे. चहाच्या पाण्यात कागद बुडवून तो जुना दाखवणं मला दोन कारणांनी नको वाटतं. चहाचं आम्ल कागद खातं, आणि जुन्यासारखं दिसणारं नवं चित्र पुढे कुणीतरी जुनं म्हणून विकतं.

सहीचंही तसंच. लाटेच्या मूळ छापात डावीकडे वर चौकटीत मालिकेचं आणि चित्राचं नाव आहे, शेजारी सही: ‘पूर्वीचा होकुसाई, आता इइत्सु, याच्या कुंचल्यातून’ अशा अर्थाची. लाल शिक्का त्यात नाहीच. तुम्ही पाहिलेल्या फोटोतला शिक्का नंतर कुणीतरी जोडलेला आहे, तो सोडून द्या. हिरोशिगेच्या एदो मालिकेत सहीची लाल पट्टी असते, ती मात्र रचनेचा भाग आहे. चौकट आणि सही ठेवायची की नाही, हे तुमच्यावर. मी कागदावरच्या प्रतीत ठेवते, कारण ती गाळली की डावीकडचं वजन जातं आणि लाट उजवीकडे घसरल्यासारखी वाटते. पण ठेवायची तर अक्षरं फराट्यांच्या योग्य क्रमाने लिहायला शिका. जपानी वाचणाऱ्याला चुकलेला फराटा पहिल्या नजरेत दिसतो. आणि खालच्या मोकळ्या कडेवर पेन्सिलने तुमची सही, वर्ष आणि ‘होकुसाईच्या छापावरून हाताने रंगवलेली प्रत’ एवढं लिहा. मागच्या बाजूलाही लिहा, तेही फ्रेम करायच्या आधी.

मग विकायला हरकत नाही. होकुसाई १८४९ मध्ये गेला, हिरोशिगे १८५८ मध्ये. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, तेव्हा या दोघांची चित्रं उतरवून विकायला कायद्याची आडकाठी नाही. विसाव्या शतकातल्या ठसाचित्रकारांचं काम घेणार असाल तर आधी मृत्यूचं वर्ष पाहा, आणि चित्र बाहेरच्या देशात जाणार असेल तर तिथला कायदाही. फक्त शब्द सांभाळा. ‘जपानी प्रिंट’, ‘ओरिजिनल युकियो-ए’ (या जपानी ठसाचित्रांच्या शैलीचं नाव) असं बिलावर लिहू नका. कॅफेवाल्यांना खरोखर लाकडाच्या फळीवरून छापलेली प्रत हवी असेल तर तीही आज मिळते. टोकियोच्या अदाची संस्थेत कारागीर जुन्या पद्धतीने फळ्या कोरून होकुसाई-हिरोशिगेच्या नव्या प्रती छापतात. हे त्यांना आधीच सांगा. त्यानंतरही त्यांना तुमच्या हाताचं चित्र हवं असेल तर तुमची किंमत मागायला संकोच करू नका. चौरस फुटावर दर मात्र लावू नका. या कामात नखाएवढ्या जागेला कधी कधी अख्ख्या आभाळापेक्षा जास्त वेळ जातो.

कॅफेसाठी मी तुम्हाला पहिली, व्हॅन गॉगची वाट सुचवेन. रत्नागिरीची हवा, शिवाय कॉफीच्या मशीनची वाफ. तिथे कागद लावला तर दोन पावसाळ्यांत बुरशीचे ठिपके येतील, आणि सरस व खळ असलेला कागद कसरीला फार आवडतो. कागदच लावायचा झाला तर मधे माउंट देऊन काचेपासून दूर ठेवा आणि बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ओल तिथूनच येते. कॅनव्हासवर तैलरंग या हवेत जास्त टिकतील, शिवाय तैलरंगात खरा प्रशियन ब्लूही मिळतो.

तीन चित्रं निवडताना होकुसाईच्या याच मालिकेतला ‘लाल फुजी’ सोपा समजून आधी घेऊ नका. त्यात दोन-तीन मोठे आकार आहेत आणि लपायला जागा कुठेच नाही. सगळं चित्र बोकाशीवर उभं आहे. शिवाय त्याच्या सुरुवातीच्या काही प्रती आपल्याला सवयीच्या लालपेक्षा बऱ्याच फिक्या, गुलाबीसर आहेत, तेव्हा प्रत निवडण्याचा प्रश्न तिथे आणखी टोकदार होतो. हिरोशिगेचा पावसातला पूल घ्या. मुळात पावसाच्या रेषा दोन फळ्यांवरून, किंचित वेगळ्या कोनांत छापल्यात, म्हणून पाऊस खोल वाटतो. तुम्हीही आधी एका कोनातल्या सगळ्या रेषा पुऱ्या करा, वाळू द्या, मग दुसऱ्या कोनातल्या. कागदावर यासाठी इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं जुनं रूलिंग पेन फार कामाला येतं. त्यात पातळ केलेला रंगही भरता येतो. उतामारो या ठसाचित्रकाराच्या स्त्रियांचे चेहरे मात्र एवढ्यात नकोत. कपाळाशी केसांच्या मुळांच्या ज्या रेषा कोरणाऱ्यांनी सोडल्यात, त्या हाताने काढायला बराच सराव लागतो.

सध्याच्या कॅनव्हासचं काय करायचं? फेकू नका. तो पूर्ण वाळलेला आहे, त्यामुळे त्यावर तैलरंग चालतील. फेसावरचा पांढरा दुधाळ, उबदार पांढऱ्याने मोडा; इथे कागद नाही, तेव्हा पांढरा लावावाच लागेल, पण ट्यूबमधला तसाच नको, त्यात पिवळ्या गेरूचा स्पर्श हवा. काळी रेषा प्रशियन ब्लूने झाका. आणि लाटेच्या पोटातल्या मोठ्या पट्ट्यांत कुंचल्याचे फटकारे पाण्याच्या वळणाने जाऊ द्या, ते मिटवू नका. पण हे सगळं कागदावरची लहान प्रत झाल्यानंतर. ती झाली की दिवसाच्या उजेडात फोटो काढून इथेच टाका, फेसाच्या भागाचा एक जवळून घेतलेलाही. रेषा पाहून पुढचं सांगते.